मदत हवी आहे: ‘आउटसाइड द लॉ’ (१९२०) कोणत्या वेगाने दाखवावा?

टॉड ब्राउनिंगचा सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधला मूक गुन्हेपट आमच्या फिल्म मंडळात दाखवायचा आहे. (१९३० चा बोलपट नव्हे. तोही ब्राउनिंगचाच आणि नावही तेच, त्यामुळे शोधताना हमखास गल्लत होते.) पेटी आणि तबल्याची साथ प्रत्यक्ष असेल, म्हणून फाइलमधलं संगीत बंद ठेवणार आहोत.

अडचण वेगाची आहे. मिळालेल्या फाइलमध्ये माणसं तुरुतुरु चालतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग कमी करून पाहिला. मॉली आणि बिल चोरीचे दागिने घेऊन लपलेले असतात आणि तुटक्या पतंगाची सावली जमिनीवर क्रुसासारखी पडते, तो प्रसंग त्या वेगात फार सुंदर दिसतो. मॉली झालेल्या प्रिसिला डीनचा चेहरा नीट वाचता येतो. पण शेवटची चायनाटाउनमधली हाणामारी अगदीच मंदावते आणि मधल्या संवादांच्या पाट्याही पडद्यावर रेंगाळतात. पाट्या आम्ही मराठीत नव्याने करणार असल्याने तो भाग सुटेल. प्रोजेक्टर डिजिटल आहे, रीळ चालवायची सोय नाही.

लॉन चेनी यात गुंड ब्लॅक माइक आणि चिनी आह विंग, दोन्ही झालाय. गोऱ्या नटाने चिनी माणूस रंगवण्याबद्दल सुरुवातीला बोलणार आहोतच, तेव्हा त्यावर सल्ला नको.

त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत, त्यामुळे वेग सगळीकडे सारखा नसणार हे ठाऊक आहे. मूकपटांना प्रत्यक्ष साथ केलेल्यांनी सांगावं: अख्ख्या चित्रपटाला सेकंदाला २० फ्रेमसारखा एकच वेग ठेवावा, की प्रसंगानुसार बदलावा? बदलला तर वादकांची लय तुटू नये म्हणून काय करता?