कच्चं लिंबू

(कुटुंबाचा ग्रुप. शनिवार, 12 एप्रिल 2025, रात्री)

बंटी (कोलंबस): आलो बघा घोड्याच्या नालेत. बाराला सुरू होतंय, म्हणजे तुमचे साडेनऊ.

मोठी आत्या: कसली नाल रे?

बंटी: स्टेडियम गं. ओहायो स्टेट विद्यापीठाचं, अमेरिकन फुटबॉलचं. 1922 चं आहे, आकार नालेसारखा, म्हणून सगळे हॉर्सशूचं नुसतं ‘शू’ म्हणतात. एक लाखाच्या वर माणूस बसतं.

काका: म्हणजे तीन वानखेडे. कोणाशी आहे मॅच?

बंटी: ओहायो स्टेट विरुद्ध ओहायो स्टेट.

काका: ??

बंटी: स्प्रिंग गेम काका. खरा सीझन ऑगस्टअखेर सुरू होतो. त्याआधी वसंतात 15 सराव करायची परवानगी असते, त्यातला एक लोकांसमोर. आपलीच पोरं आपसात खेळतात.

आबा: मग हरणार कोण?

बंटी: कोणीच नाही आबा.

आबा: आणि तू त्यासाठी तिकीट काढलंस.

बंटी: हो.

आबा: बरं. मी तालमीत मारुतीला नारळ फोडून आलोय, प्रसाद फ्रिजमध्ये ठेवलाय. तुझ्या वाटचा चिनूने खाल्ला.

ताई (ओमाहा): आबा, 2016 ला याच मैदानात अशाच सराव मॅचला एक लाखाच्या वर लोक आले होते. बंटी एकटाच वेडा नाही.

काका: बंट्या, एक क्लिप बघितली मी आत्ता. चेंडू धरलेल्या त्या पोराला समोरच्याने नुसता हात लावला आणि पंचाने शिट्टी मारली. एरवी तर गाडी ठोकल्यासारखे धडकतात एकमेकांना. हे काय?

बंटी: तो क्वार्टरबॅक, काका. सगळा खेळ त्याच्या हातातून सुटतो. सरावात त्याला पाडायचं नाही असा नियम. जवळ पोचलात, हात लागला, की डाव संपला.

चिनू: म्हणजे कच्चं लिंबू!

मोठी आत्या: बाई गं. खरंच की. आमच्या वाड्यात तूच होतास बंट्या कच्चं लिंबू. आउट झालास की रडायचास, मग तुला परत बॅटिंग.

बंटी: आत्या, हा ग्रुप आहे.

मोठी आत्या: घरातलाच आहे ना?

बंटी: पण चिनू, तू एका शब्दात सांगितलंस. गंमत अशी की आज सगळे त्या कच्च्या लिंबांनाच बघायला आलेत. जानेवारीत आम्ही नोत्र देम विद्यापीठाला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेते झालो ना, तेव्हाचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड. फायनलमध्ये त्याचे पहिले 13 पास एकामागून एक पोचले होते. तो आता गेला. त्याच्या जागी कोण, हाच प्रश्न. ज्युलियन सेयिन की लिंकन कीनहोल्झ?

ताई: आणि तुझं मत?

बंटी: सेयिन. चेंडू हातातून काय पटकन सुटतो त्याच्या! कीनहोल्झ अंगाने दणकट, पळायला लागला की आवडतो. पण आज पळण्याला काय किंमत? हात लागला की शिट्टी.

ताई: तेच म्हणते मी. ज्याला कोणी पाडणार नाही तो शांत उभा राहून फेकणारच. अंगावर सव्वाशे किलोचा माणूस येतोय आणि तरी नजर पुढे आहे, हे बघायचं असतं. ते एप्रिलमध्ये दिसत नाही. नेब्रास्कात इतकी वर्षं काढली, एप्रिलमधले किती हिरो बघितले म्हणून सांगू. सप्टेंबरात बाकावर.

काका: नेटमधले गावसकर!

आबा: मी जरा लांब लिहितो. चिनू टाइप करतोय, मी सांगतोय. आमच्या तालमीत वस्ताद रोज जोड लावायचे. नवा पोरगा जुन्या गड्याच्या अंगावर. लिंबू बिंबू काही नाही, माती खा आणि शीक. पण जत्रेचा फड आठ दिवसांवर आला की तेच वस्ताद ओरडायचे, हात आखडा. कारण गडी तालमीतच मोडला तर फडात उतरणार कोण? तुमच्या वस्तादाचं बरोबर आहे. लोकांचं चुकतंय. तालमीतली कुस्ती बघून पैज लावू नये.

बंटी: आबा, हे इथल्या अर्ध्या टीव्हीवाल्यांना ऐकवायला हवं.

मोठी आत्या: वस्ताद कोण रे तुमचे?

बंटी: मुख्य कोच रायन डे. पण आज माझं लक्ष बचावाच्या नव्या कोचवर होतं, मॅट पॅट्रिशिया. आधीचे जिम नोल्स जिंकल्याबरोबर पेन स्टेटला गेले. त्यात मागच्या वर्षीच्या बचावातले अकरापैकी आठजण टीम सोडून गेले. ही खरी काळजी, क्वार्टरबॅक नाही. सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू, केलेब डाउन्स उरलाय म्हणून झोप लागते. आणि आत्या, पॅट्रिशिया शिकलाय काय माहितीये? एरोनॉटिकल इंजिनिअरिंग.

मोठी आत्या: आणि करतो हे? आईवडिलांना काय वाटलं असेल!

काका: पगार विचार आधी.

बंटी: बचाव कसा वाटला विचाराल तर… बरा. पण पॅट्रिशिया आज पत्ते उघडणार नव्हताच. 30 ऑगस्टला पहिलीच मॅच टेक्साससारख्या टीमशी, त्यांचे लोक हे सगळं घरी बसून बघतायत. त्यामुळे साधेच डाव. बचावाची पोरं कुठे उभी राहतात एवढंच कळलं. बचावाच्या मागच्या फळीत दोन-तीनदा कोण कोणाला धरणार यावरून गोंधळ झाला, ते मात्र खटकलं.

चिनू: चेंडू झेलणारा तो जेरेमाया स्मिथ कसा खेळला दादा?

बंटी: त्याची परीक्षा झालीय रे. फायनलमध्ये थर्ड अँड इलेव्हन, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि 11 यार्ड हवेत, सगळे श्वास धरून, आणि 56 यार्डांचा झेल. त्याच्याबद्दल एप्रिलमध्ये बोलायचं नसतं.

ताई: आमच्याकडे नेब्रास्कात यंदा नेहमीचा स्प्रिंग गेमच नाही. कोच मॅट रूलने बंद केला. म्हणे पोरं उघड्यावर दाखवली की दुसरी कॉलेजं पळवतात.

काका: पळवतात म्हणजे?

ताई: आता खेळाडू कॉलेज बदलू शकतात, पैसेही मिळतात. या बुधवारी, 16 तारखेला ट्रान्सफरची खिडकी उघडते ती 25 पर्यंत. आज तुमच्याकडून चांगला खेळला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा.

आबा: आमच्याकडेही पैलवान पळवायचे. पण खिडकी वगैरे नव्हती, रात्री दारातूनच न्यायचे.

ताई: मला वाईट वाटलं हो. 2013 च्या स्प्रिंग गेमला मी लिंकनला, नेब्रास्काच्या मैदानात होते. चौथ्या क्वार्टरला सात वर्षांचा एक मुलगा मैदानात आणला, मेंदूचा कॅन्सर झालेला. त्याच्या हातात चेंडू दिला आणि तो पळत सुटला. 69 यार्ड. मोठी मोठी पोरं दोन्ही बाजूंनी बरोबर पळतायत, शेवटी दोन्ही टीमनी त्याला खांद्यावर घेतलं. आमच्या रांगेत एकाचेही डोळे कोरडे नव्हते. खऱ्या मॅचमध्ये हे होऊच शकत नाही. तिथे समोर शत्रू असतो.

मोठी आत्या: कसा आहे गं तो मुलगा आता?

ताई: गेला आत्या. या जानेवारीत. एकोणीस वर्षांचा होता.

मोठी आत्या: अरे देवा.

(रविवार, सकाळ)

काका: सुप्रभात. बंट्या, पोचलास का घरी?

बंटी: पोचलो, झोपत होतो. एक सांगायचं राहिलं. शेवटी शेवटी लोक उठायला लागले. मैदानात तिसऱ्या-चौथ्या फळीतली पोरं. यातली बरीच वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिप नाही, फी स्वतः भरून वर्षभर मार खायचा. माझ्या शेजारी एक बाई दोन तास गप्प बसल्या होत्या. त्या एकदम उभ्या राहिल्या आणि ओरडायला लागल्या. त्यांचा भाचा आत आला होता.

मोठी आत्या: मग?

बंटी: एक पास आला त्याच्याकडे. पकडला. चार यार्ड, आणि लगेच आडवा केला त्याला. त्याला कोण कच्चं लिंबू म्हणणार? त्या बाईंनी मला मिठी मारली, मीपण ओरडलो. नंतर म्हणाल्या, बहुतेक हा पहिला आणि शेवटचाच. कॉलेजांनी खेळाडूंना पैसे देण्याचा जो समझोता कोर्टात अडकलाय तो मंजूर झाला तर टीममध्ये 105 च पोरं ठेवता येतील. असल्यांचीच नावं आधी कापतील.

काका: फी भरून खेळणाऱ्यालाच काढायचं?

बंटी: हो ना.

मोठी आत्या: त्या बाईंचा नंबर घेतलास का? ऑगस्टमध्ये विचार, राहिला का मुलगा.

बंटी: घेतलाय.

चिनू: दादा, आबा विचारतायत स्कोअर काय झाला शेवटी?

बंटी: अरेच्चा. बघितलाच नाही.