मदत हवी आहे: गंडमची मालिका बघू की तीन चित्रपट?

मंडळी, 'मोबाइल सूट गंडम' हे रोबोंच्या लढायांचं जपानी अ‍ॅनिमेशन कसं बघावं? १९७९-८० ची मूळ मालिका ४३ भागांची. तिचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी स्वतःच १९८१-८२ मध्ये तिचे तीन चित्रपट केले. पहिला पाहिला. पांढरा रोबो उठून उभा राहतो तिथे अंगावर काटा आला, पण पुढे लढाईमागून लढाई, उसंतच नाही. दोआनच्या बेटाचा १५ वा भाग तर सरळ गाळलाय (त्यावर २०२२ मध्ये वेगळा सिनेमाच निघाला!). उलट तिसऱ्या चित्रपटासाठी बरीच दृश्यं नव्याने काढली आहेत, म्हणून तो चुकवायचा नाहीये. मग आधी चित्रपट संपवू, की मालिकाच धरू? गाळलेल्यांपैकी कोणते भाग खरंच बघण्यासारखे आहेत? शेवट मात्र फोडू नका, प्लीज.