मदत हवी आहे : 'स्क्रूटिनी'ला सगळीकडे 'छाननी' चालेल का?

नमस्कार मंडळी. दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांचं टिपण करतोय. खानापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या शिक्षकांनी आणि भाषांतर करणाऱ्यांनी जरा लक्ष घालावं.

निवडणूक अर्जांना 'छाननी' पक्की बसते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३६ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी सूचकाची सही, अनामत रक्कम वगैरे तपासून अर्ज वैध की अवैध ते ठरवतो. म्हणजे चाळून बाजूला काढणं आलंच. पण 'द प्लॅन केम अंडर स्क्रूटिनी' यात काही निवडायचं नसतं. तिथे दोष आहे का, या नजरेनं बारकाईनं पाहणं आहे. 'योजना छाननीखाली आली' हे मला तरी मराठी वाटत नाही. 'योजनेची कसून तपासणी सुरू झाली' बरं.

आपल्या भागात आणखी एक घोळ. कन्नडात अर्जांच्या छाननीला 'परिशीलने' म्हणतात, म्हणून मुलं सरळ 'परिशीलन' लिहून मोकळी होतात. मराठीत त्याचा अर्थ सखोल अभ्यास.

व्याकरणात चूक होते ती 'ऑफ'ची. 'बिलाची तपासणी करणे' डोक्यात असल्यामुळे 'स्क्रूटिनाइझ ऑफ द बिल' लिहिलं जातं. क्रियापदाला थेट कर्म लागतं : 'स्क्रूटिनाइझ द बिल'. 'ऑफ' येतो तो नामानंतर : 'स्क्रूटिनी ऑफ द बिल'.

आता अडलंय ते 'डझ नॉट बेअर स्क्रूटिनी'पाशी. 'खोलात गेलं की टिकत नाही' असं लिहिलंय. दावा, हिशेब, पुरावा या तिन्हींना चालेल असं याहून नेमकं काही सुचतंय का? वाक्यात वापरून दाखवलंत तर फार बरं होईल.