मदत हवी आहे: सेल्समन ऑर्डरचं ॲप वापरत नाहीत

नीराकाठ:
बिस्किटं-साबणाची एजन्सी आहे, अकरा सेल्समन. दिवाळीनंतर ऑर्डर घ्यायचं ॲप घेतलं, वर्षाचे पैसे आगाऊ भरले. दोनदा ट्रेनिंग दिलं, चहा-वडे खाऊन गेले. वापरत कोणी नाही. दंड लावू का? लवकर सांगा.

कट्टेकरी:
कुठलं ॲप? फोन तुमचा की पोरांचा? रेंज नसताना चालतं का?

नीराकाठ:
फोन त्यांचेच. रेंज नसली तरी चालतं. ॲप चांगलंय हो, प्रश्न माणसांचा आहे.

माजी एमआर:
दंड नको. औषध कंपनीत आम्हाला टॅब दिला होता, सगळ्या भेटी रात्री जेवणानंतर भरायचो. मी तीन आठवडे एका बंद पडलेल्या दवाखान्यात भेटी दाखवल्या. साहेबांनी एका शब्दाने विचारलं नाही. मग कोण कशाला मनापासून भरेल?

लोकेशनवाला:
जीपीएस सक्तीचं करा. दुकानासमोर उभं राहिल्याशिवाय ऑर्डर पडायलाच नको.

माजी एमआर:
खोटं लोकेशन दाखवणारी ॲप फुकट मिळतात, राव.

हिशेबनीस:
उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बंधनकारक आहे. ते करताय ना?

कट्टेकरी:
काका, तो धागा वेगळा.

पुस्तकी किडा:
फ्रेड डेव्हिस या संशोधकाने १९८९ मध्येच मांडलंय, नवं तंत्रज्ञान वापरायचं की नाही हे ठरवताना माणूस दोन गोष्टी बघतो: उपयोग किती आणि सोपं किती. त्यातही उपयोगाचं वजन जास्त. पोरांचा फायदा काय ते दाखवा.

लोकेशनवाला:
डेव्हिस कधी बीटवर, म्हणजे दुकानांच्या फेरीवर, फिरलाय का? दुकानदार गिऱ्हाईक करता करता ओरडतो, "पाचवाली दोन पेट्या, निळा साबण डझन!" तेवढ्यात वहीत दोन रेघा होतात. ॲपमध्ये निळा साबण सापडेस्तोवर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

पुस्तकी किडा:
मग मी वेगळं काय म्हणालो?

सासवडची ताई:
आमचीही एजन्सी आहे म्हणून विचारते. तुमच्याकडे बिल कशावरून बनतं?

नीराकाठ:
वहीवरून. गोदामातले काका कार्बनची प्रत बघून माल काढतात. अण्णांना, म्हणजे वडिलांना, ॲपचं काही कळत नाही. ते रोज सातला एकेकाला फोन करून आकडा विचारतात.

सासवडची ताई:
मग दंड कोणाला लावायचा ते बघा! पोरांनी वहीत लिहायचं, ॲपमध्ये भरायचं, वर अण्णांना तोंडीही सांगायचं. ज्यावरून माल निघतो तेच पोरं खरं धरणार. आमच्याकडेही पाच महिने असंच चाललं होतं. मग यांनी वह्या कपाटात टाकून कुलूप लावलं आणि ॲपमध्ये नसेल तर माल नाही, असं सांगितलं. पहिल्याच दिवशी यांच्या सख्ख्या भाच्याची गाडी रिकामी उभी राहिली. त्यानंतर कोणाला सांगावं लागलं नाही. आणि हो, नेटपॅक आम्ही भरतो.

नीराकाठ:
नेटपॅकचं डोक्यातच आलं नव्हतं. वही बंद करतो सोमवारपासून. पण अण्णांचा सातचा फोन कोण बंद करणार?

माजी एमआर:
तो नका बंद करू. अण्णांना ॲप उघडायला शिकवा, फोनवर त्यातलाच आकडा वाचून दाखवू देत. "बाळू, आज अठराच दुकानं?"

हिशेबनीस:
उलाढाल सांगितली नाहीत.

कट्टेकरी:
ॲपचं नावही.