मदत हवी: जहाजाला बाजूनं पाण्याखाली पाती बसवली, स्पीड वाढायच्या ऐवजी घटला

उद्यमनगरी (गुरुवार, रात्री)
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे म्हणून थेट लिहितो. जहाजाच्या दोन्ही अंगाला पाण्याखाली पाती बसवली आहेत, विमानाच्या पंखासारखी आडवी. कोन कमीजास्त करता येतो. आयडिया अशी की पात्यांनी जहाज वर उचललं की पाण्याचा अडथळा कमी होणार आणि जहाज पळणार. प्रत्यक्षात पाती बसवल्यापासून स्पीड घटला. कोन वाढवला तर आणखी घटला. शून्यावर ठेवला तरी पहिल्यापेक्षा कमीच. चूक कुठं होतेय? रविवारी चार लोकांसमोर दाखवायचं आहे. फोटो टाकत नाही, पेटंट करायचा विचार आहे. जाणकारांनीच लिहावं, टिंगल नको.

शिरोलीकर
कोल्हापुरात जहाज? शिवाजी पुलाखाली नांगर टाकलाय काय?

दर्यावर्दी_६१
३४ वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत, म्हणून चार शब्द. बाजूची पाती वेगासाठी नसतातच. त्यांना फिन स्टॅबिलायझर म्हणतात, जहाज डावी-उजवीकडे डोलतं ते कमी करायला. समुद्र शांत असला की आम्ही ती आत ओढून घ्यायचो, कारण बाहेर राहिली तर पाणी अडवतात आणि तेल जास्त जळतं. तुमचा वेग घटला यात नवल काहीच नाही. जहाज किती टनाचं? तळ शेवटचा कधी खरवडला? शेवाळ आणि कालवं चिकटली की आधी तिथंच वेग जातो. तळ साफ करा, पाती काढा.

उद्यमनगरी
टनाचं नाही ओ काका, मॉडेल आहे. कालवं कुठली चिकटणार? आणि डोलण्याचं मी विचारलंच नव्हतं.

शिरोलीकर
मॉडेल आहे हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं भावा?

गणिती_मास्तर
धागाकर्त्यास: लांबी, एकूण वजन, पात्याची लांबी-रुंदी, पाण्याखाली किती खोल, पुढं आहे की मध्ये, कोन किती अंश, मोटर कोणती आणि पातं नसताना वेग किती होता हे कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी तो निव्वळ अंदाज. "स्पीड घटला" म्हणजे कितीवरून कितीवर?

उद्यमनगरी
लांबी चार फूट. वजन पाच-सहा किलो असेल. ७७५ नंबरची छोटी डीसी मोटर, यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी. पाती अॅल्युमिनियमची, ३ एमएम पत्र्यातून कापलेली, एकेक १५ सेमी बाय ६ सेमी. कोन २०, कधी २५. स्पीड डोळ्यांनी कळतो की, मोजायला कशाला पाहिजे?

सांगलीवाडी_एक्सप्रेस
आमच्याकडं कृष्णेत होड्यांच्या शर्यती बघायला या एकदा. पातं नाही, मोटर नाही. लांब अरुंद होडी, गुळगुळीत तळ आणि वल्ह्यांचा एक ताल. बघता बघता नजरेआड. तुमच्या जहाजाची रुंदी कमी करा, विषय संपला.

शिरोलीकर
सांगलीकरांनी वेगावर बोलू नये. अंकलीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर कळतो तुमचा वेग.

सांगलीवाडी_एक्सप्रेस
पुलाची एक बाजू तुमच्याकडंच लागते पाव्हणं.

पंचगंगातीर
२० अंश??? तिथंच घोळ आहे. पातं म्हणजे पंखच. ठरावीक कोनापर्यंत उचल वाढत जाते, पुढं पाणी पात्याची पाठ सोडून सुटतं. मग उचल बसते आणि ओढ, म्हणजे पाण्याचा अडथळा, मात्र वाढतच जाते. सपाट पट्टीला २० अंश म्हणजे तुम्ही पाण्यात ब्रेक लावलाय. ७-८ च्या वर जाऊ नका. आणि कडा? पत्रा कापून तसाच बसवलाय की घासलाय?

उद्यमनगरी
तसाच. शिअरिंग मशीनवर कापला, कडेची कूस (बर) काढली, बसवला.

पंचगंगातीर
उद्यमनगरात बसून चौकोनी कडेचं पातं! पुढची कड कानशीनं गोल करा, मागची सुरीसारखी निमुळती. वरून ६०० नंबरचा पॉलिश पेपर. जमलं तर सरळ नाका ४४१२ चा आकार काढून घ्या.

उद्यमनगरी
कुठला नाका? कावळा नाका?

पंचगंगातीर
नाका म्हणजे अमेरिकेची जुनी विमान-संशोधन संस्था, नासाच्या आधीची. तिनं पंखांच्या छेदांना नंबर दिलेत. ४४१२ ला वरून बाक असतो, शेवटच्या १२ चा अर्थ जाडी रुंदीच्या १२ टक्के. तुमच्या ६ सेमीच्या पात्याला ७ मिमीच्या आसपास जाडी लागेल. ३ एमएमच्या पत्र्यात बसणार नाही, सागवान घ्या.

राजारामपुरीची_मीना
माझा भाऊ वकिलाकडे आहे, म्हणून पेटंटचं लिहिते. फोटो लपवलात पण वर्णन इथे सगळं लिहून टाकलंत. अर्ज करायच्या आधी गोष्ट जाहीर झाली की तिचा नवेपणा जातो. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाकायचा असतो, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

जुनी_कात्रणं
मीनाताई, जाहीर होऊन शंभरावर वर्षं झालीत. १९०६ साली एनरिको फोर्लानिनी यांनी इटलीत माज्जोरे सरोवरावर पात्यांवर उचलली जाणारी नाव पळवली, ताशी ६८ किमीच्या आसपास. पाती शिडीसारखी एकाखाली एक होती, वेग वाढेल तशी वरची पाण्याबाहेर निघायची. मग टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि केसी बाल्डविन यांची एचडी-४, ९ सप्टेंबर १९१९, कॅनडात, ७०.८६ मैल म्हणजे ताशी ११४ किमी. रशियात १९५७ पासून 'राकेता' नावाच्या अशाच बोटी नद्यांवर प्रवासी नेत होत्या. कमीजास्त होणारी पातीही झाली. बोइंगच्या जेटफॉइलमध्ये पात्यांच्या मागच्या झडपा चालू प्रवासात आपोआप हलतात. तुमचं काय नवीन?

उद्यमनगरी
हे आधी कुणी सांगितलं नाही. बरं, पेटंट राहू दे. रविवार तर आहे ना.

दर्यावर्दी_६१
त्या नावा झाल्या, जहाजं नव्हेत. कंटेनर जहाज पात्यावर उचलून दाखवा, मग बोलू.

गणिती_मास्तर
काका, त्यात तुम्ही बरोबर आहात, कारण मात्र सांगितलं नाहीत. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पात्याचं क्षेत्रफळ चारपटच. जसजसं मोठं होत जाल तसतशी पाती अपुरी पडत जातात. म्हणून पाती फेरीबोटींपर्यंत पोचली आणि मालवाहू जहाजांना लागली नाहीत. पण "पाती वेगासाठी नसतातच" हे सरसकट चुकीचं. स्टॉकहोममध्ये २०२४ साली पात्यांवर उचलली जाणारी विजेवरची फेरीबोट प्रवासी न्यायला लागली.

दर्यावर्दी_६१
फार वेगात पात्याच्या पाठीवरचा दाब इतका कमी होतो की गार पाणीसुद्धा उकळल्यासारखे बुडबुडे धरतं, आणि ते फुटताना धातू खातात. ड्रायडॉकला, म्हणजे जहाज कोरडं करून दुरुस्त करतात तिथं, जहाजाचा असा एक पंखा मी हातानं चाचपला होता. पितळेला वाळवी लागल्यासारखी भोकं, करंगळीचं टोक जाईल एवढी. पुस्तकात वाचणं वेगळं. आणि वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते, हेही मास्तरांनी मुलाला सांगावं.

गणिती_मास्तर
तुमच्या नेहमीच्या जहाजाला लागते. पात्यावर चढलेल्या नावेचं गणित निराळं, ओढ चढायच्या क्षणी जास्त असते, चढल्यावर घटते. मुद्दा सोडू नका. धागाकर्ते, वजन नक्की करा. "पाच-सहा असेल" चालणार नाही. आणि वेग मोजा.

रंकाळ्याची_हवा
अवांतर: चाचणी रंकाळ्यात घेताय काय? संध्याकाळी कठड्यावर भेळ खात बघायला येतो.

उद्यमनगरी (शुक्रवार, संध्याकाळी)
शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. ७ किलो ४०० ग्रॅम. त्यात बॅटरीच २ किलो २००. हो, पहिली चाचणी रंकाळ्यातच घेतली, कडेकडेनं. पात्यांना केंदाळ (जलपर्णी) अडकतं, ते दर फेरीला काढून टाकतो.

शिरोलीकर
क्काय?

पंचगंगातीर
केंदाळ अडकतं हे आज सांगताय? मूठभर मुळ्या पात्याला गुंडाळल्यावर कानस मारून तरी काय उपयोग!

उद्यमनगरी
प्रत्येक वेळी नाही अडकत. आणि ते सगळ्यांनाच माहीत आहे की, त्यात सांगायचं काय?

रंकाळ्याची_हवा
केंदाळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ते वरवर काढून उपयोग नाही, सांडपाणी थांबलं पाहिजे. मशीन लावा नाहीतर माणसं लावा, चार महिन्यांत तलाव परत हिरवा. यावर वेगळा धागा काढावा काय?

शिरोलीकर
काढा, पण वेगळा.

करवीरचा_शेतकरी
आमच्या रानात शेततळं आहे, ३० बाय ३० मीटर, प्लास्टिक अंथरलेलं. केंदाळ नाही, लाट नाही. शनिवारी सकाळी या. चहा मिळंल. फक्त प्लास्टिकला पात्याची धार लावू नका.

उद्यमनगरी (शनिवार, दुपारी)
दादांचे आभार. आता आकडे घ्या. ३० मीटरला पाती काढून २२ सेकंद. जुनी पाती २० अंशाला, २७ सेकंद. रात्री बसून कडा घासल्या, ८ अंशाला लावली, २४ सेकंद. म्हणजे सुधारलं, पण बिनपात्याचं अजून पुढंच. डोकं फिरायची वेळ आली आहे.

गणिती_मास्तर
वा! आता बोलता येईल. ३० मीटरला २२ सेकंद म्हणजे सेकंदाला १.३६ मीटर. चार फुटी नावेची स्वतःची लाटच तिला साधारण याच वेगाला अडवते. पुढची लाट आणि मागची लाट यांच्या खळग्यात नाव बसते आणि तिथून पुढं तिला स्वतःच्याच लाटेवर चढायचं असतं. तुमची मोटर तिथंपर्यंत आणते आणि दम तोडते.

आता पाती. उचल म्हणजे अर्धा गुणिले पाण्याची घनता, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले उचलीचा गुणांक. तुमच्या दोन पात्यांचं क्षेत्रफळ १८० चौ. सेमी. गुणांक ०.५ धरू, घासलेल्या पट्टीला तो उदारच आहे. १.३६ च्या वेगाला उचल येते ८५० ग्रॅमच्या आसपास. जहाज ७४०० ग्रॅमचं. म्हणजे पाती आठव्या भागाएवढंसुद्धा वजन घेत नाहीत, आणि त्यांची ओढ मात्र पूर्ण. सगळं वजन उचलायला वेग लागेल सेकंदाला ४ मीटर, ताशी साडेचौदा किमी. सध्याच्या तिप्पट. त्याच्या आत पाती म्हणजे निव्वळ ओझं.

उद्यमनगरी
म्हणजे आयडिया बरोबर, मोटर चूक?

पंचगंगातीर
मोटर, बॅटरी, पंखा, सगळंच. आणि खोली अजून सांगितलीच नाहीस.

उद्यमनगरी
पाण्याखाली ३ सेमी. कोन दिल्यावर कधीकधी फस्स असा आवाज येतो.

पंचगंगातीर
फस्स म्हणजे पातं वरून हवा ओढतंय! हवा आली की उचल गेली, पाणी हवेपेक्षा आठशेपट जड आहे. निदान पात्याच्या रुंदीएवढं तरी, म्हणजे ६ सेमी खाली घ्या. आणि दोनच पाती असतील तर नाव चिमणीसारखी मान खालीवर करणार. मागं छोटं तिसरं पातं लावा.

दर्यावर्दी_६१
रविवार उद्या आहे. मोटर कुठून आणणार? म्हणून म्हणतो, पाती काढा.

गणिती_मास्तर
मोटर लागतच नाही. ओढा. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्की इथं लांब हौद बांधून मॉडेलं ओढूनच जहाजांचा अभ्यास केला, आजही टोइंग टँकमध्ये तेच चालतं. बॅटरी काढून ठेवा, वजन ५.२ किलो होईल. मग ताशी १२ किमीला उचललं जायला हवं. ही सायकलचीच चाल. नावेला दोरी, समोरच्या बांधाखाली पाण्यालगत खुंटीला कप्पी, आणि पलीकडं सायकल. दोरीत बॅग मोजायचा लटकता काटा लावा, म्हणजे ओढ किती ते दिसेल. आधी पाती काढून, मग लावून. काटा वाचायला एक माणूस ठेवा, हे महत्त्वाचं.

करवीरचा_शेतकरी
कप्पी आहे विहिरीवर. सायकल पण आहे, फक्त मागचा ब्रेक लागत नाही.

राजारामपुरीची_मीना
हे ओढायचं पेटंट होईल का?

उद्यमनगरी (रविवार, रात्री)
झालं. पाती ६ सेमी खाली घेतली, मागं डब्याच्या पत्र्याचं तिसरं लावलं. पुतण्या सायकलवर. पहिल्या खेपेला काहीच नाही, बांधापर्यंत नुसतं फराफरा ओढत गेलं. दुसऱ्या खेपेला त्यानं दात ओठ खाऊन पायडल मारले आणि निम्म्या तळ्यात तळ पाण्याबाहेर आला! खरोखर. खालून उजेड दिसला. बाजूची लाट एकदम बारीक झाली, आवाज बंद. असेल दोन सेकंद. मग तोंड वर झालं, पाती बाहेर आली आणि जहाज धपकन आपटलं. उजव्या पात्याचा बुश निखळला. आमचे वडील, ज्यांनी महिनाभर टोमणे मारले, ते म्हणाले परत एकदा कर.

शिरोलीकर
नाद खुळा!! व्हिडिओ?

उद्यमनगरी
मोबाईल ज्याच्या हातात होता तो पळत कप्पीकडं गेला. त्याचे पायच आलेत फक्त.

दर्यावर्दी_६१
अभिनंदन. पुढच्या खेपेला मागचं पातं मोठं करा, तोंड वर होणार नाही. हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

पंचगंगातीर
काका, तुम्ही पहिल्यापासून "पाती काढा" सांगत होता.

गणिती_मास्तर
उत्तम. उचलण्याआधी आणि उचलल्यावर काटा किती दाखवत होता?

उद्यमनगरी
काटा लावला होता मास्तर. वाचायला माणूसही ठेवला होता. पण तो जहाजाकडंच बघत बसला.