फोरामच्या मॅग्नेशियमवरून हिमयुग उबदार निघतंय?

प्रश्न (गाळकरी): पांढरा ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर (फोराम, म्हणजे चुनखडी कवचाचा एकपेशीय सागरी जीव), कवचं २५०–३५५ मायक्रॉन. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीच्या, हिमयुगातल्या गाळाच्या थरात कवचाचं मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर वरच्या थरापेक्षा जास्त (म्हणजे पाणी उबदार) येतंय, ऑक्सिजन समस्थानिकं मात्र जड (म्हणजे थंड). लोह-मॅग्नेशियम गुणोत्तर ०.३. कशावर विश्वास ठेवायचा?

शंखशिंपला: सध्या मॅग्नेशियमवर तरी नको. लोह-मॅग्नेशियम ०.१ च्या वर गेलं की कवचात अडकलेल्या चिकणमातीचा संशय घ्यायचा, तिच्यातलं मॅग्नेशियमही मोजलं जातं. कवच काचेच्या दोन पट्ट्यांत हलकेच फोडा, कप्पे उघडण्यापुरतंच. पीठ केलंत तर धुताना निम्मा नमुना जातो. मग अतिशुद्ध पाणी आणि मिथेनॉलमध्ये अल्ट्रासोनिक. खरी गोम इथे आहे: तरंगणारी माती लगेच पिपेटने काढा, थांबलात तर ती पुन्हा तुकड्यांवर बसते. त्यानंतर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड, उकळत्या पाण्यात १० मिनिटं. शेवटी ०.००१ मोलर नायट्रिक आम्ल, अर्धा मिनिट, बस्स. १ अंशाला गुणोत्तर साधारण ९ टक्के बदलतं, म्हणजे थोडी मातीही महागात पडते.

खोलपाणी: आणि जड ऑक्सिजन म्हणजे निव्वळ थंडी नव्हे. तेव्हा बर्फाच्या चादरींमुळे समुद्राचं पाणीच सुमारे १ प्रति हजार जड होतं. ते आधी वजा करा. उलट, थर खोल पाण्यातला असेल तर विरघळण्याने मॅग्नेशियम घटतं, तापमान खोटं थंड दिसतं.

गाळकरी: त्याच थरातून खोल प्रवाहही काढायचे आहेत. युविजेरिना (तळाशी राहणारा फोराम) भरपूर मिळतोय, चालेल?

खोलपाणी: कार्बन-१३ साठी (प्रवाह ओळखायला वापरतात ते कार्बनचं समस्थानिक) नको. तो गाळात शिरून राहतो, गाळाच्या छिद्रांतल्या पाण्याची खूण उचलतो, समुद्राच्या पाण्याची नाही. गाळाच्या वर राहणारा सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी शोधा, थोडे मिळाले तरी.