मात दिली, मात केली, की डाव सोडला?

जळगावच्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीचा डाव मी जिंकला आणि दोन दिवसांनी एका स्थानिक दैनिकात ‘शह-काटशहाच्या लढतीत अमळनेरच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला मात दिली’ असे वाक्य छापून आले. नाव छापून आल्याचा आनंद आहेच. परंतु चालींची नोंद समोर ठेवून घरी डाव तपासत असताना लक्षात आले की या वाक्यातील शह, काटशह आणि मात या तिन्ही शब्दांपैकी एकही त्या डावाला नीट लागू पडत नाही. म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

आधी डावाचा शेवट सांगतो, कारण शब्दांची पारख पटावरच होते. दोघांकडे एकेक हत्ती उरला होता. माझे एक प्यादे अधिक होते आणि ते डी-७ या घरात (अक्षर उभ्या पट्टीचे, आकडा आडव्या रांगेचा) पोहोचले होते, म्हणजे वजीर होण्यापासून एकच घर दूर. माझा राजा त्याच्या पुढे डी-८ मध्ये अडकलेला, हत्ती एफ-१ मध्ये. प्रतिस्पर्ध्याचा राजा जी-७ मध्ये आणि हत्ती सी-२ मध्ये होता. राजा लगेच बाहेर काढावा, असा मोह मला झाला होता. तसे केले असते तर मागून हत्तीचे शह, म्हणजे राजावरचे हल्ले, सुरू झाले असते आणि राजाला फिरून त्याच घरात परतावे लागले असते. त्याऐवजी मी हत्ती एफ-४ मध्ये आणून ठेवला. त्याने हत्ती सी-१ मध्ये नेला, मी राजा ई-७ मध्ये काढला आणि मग त्याने ई-१, डी-१, पुन्हा ई-१, पुन्हा डी-१ असे लागोपाठ चार शह दिले. राजा डी-६, ई-६ असा उतरत डी-५ मध्ये आला आणि चौथ्या शहाला मी हत्ती डी-४ मध्ये आडवा घातला. शह संपले. त्याने घड्याळ थांबवून हात पुढे केला, म्हणजे मात होण्याआधीच हार मानली.

या स्थितीला जगभर लुसेना या जुन्या स्पॅनिश बुद्धिबळ-लेखकाचे नाव आहे. वास्तविक लुसेना यांच्या १४९७ सालच्या पुस्तकात ती स्थिती नाहीच, तरी नाव चिकटले ते चिकटलेच. शब्दांच्या बाबतीत असे घडते, हे मान्य करूनच पुढे लिहितो.

आता शह. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा, म्हणजे ‘शह’ ही मुळात राजाच्या नावाने मारलेली हाक. इंग्रजीतला ‘चेक’ही त्याच घराण्यातला. आज स्पर्धेत शह तोंडाने उच्चारावा असा नियम नाही, त्यामुळे आमच्या सभागृहात तो शब्द कोणाच्या कानावर पडला नसेल. पण शब्द बाजूला ठेवून केवळ चाली मोजल्या तरी शेवटच्या टप्प्यातले चारही शह हरणाऱ्याचे होते आणि माझा एकही नव्हता.

काटशह तर दोन्ही बाजूंनी शून्य. आलेला शह मोडताना त्याच चालीने समोरच्या राजाला उलट शह बसला, तर मी त्याला काटशह म्हणतो. माझा हत्ती डी-४ मध्ये आडवा आला, पण जी-७ मधल्या राजाशी त्याचा काही संबंध नव्हता. राजकारणाच्या बातम्यांत ‘शह-काटशह’ हा जोडशब्द ‘कुरघोडी’ या अर्थाने रुळला आहे आणि तेथे माझी तक्रार नाही. बुद्धिबळाच्याच बातमीत तो अलंकार म्हणून यावा, हे मात्र खटकते.

खरा वाद ‘मात’ या शब्दाचा आहे. ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. फारसीतील ‘मात’चा अर्थ मात्र हतबल, गोंधळून गेलेला असा आहे आणि मला तोच पटतो. पटावर घोडा मारला जातो, उंट मारला जातो, राजा कधीच मारला जात नाही. त्याला जायला घर उरत नाही, इतकेच. आमच्याकडे पारावर पट मांडणारे एक आजोबा शेवटची चाल करून ‘आते कथा जाशी?’ (आता कुठे जाशील?) असे अहिराणीत विचारीत. मातची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. (जुन्या मराठीत ‘मात’ म्हणजे गोष्ट, वार्ता. तो शब्द वेगळा.)

राहिले क्रियापद. माझ्या कानाला मराठीत शह दिला जातो आणि मात केली जाते. हरणारा मात खातो. ‘प्रतिस्पर्ध्यावर मात केली’, ‘संकटावर मात केली’, दोन्हीकडे ‘वर’ हा प्रत्यय येतो. ‘प्रतिस्पर्ध्याला मात दिली’ हे मला हिंदीतल्या ‘मात दे दी’चे रूपांतर वाटते. आमच्या खानदेशात हे सहज घडते. भुसावळच्या फलाटावर हिंदी अष्टौप्रहर कानावर पडते आणि बऱ्हाणपूरही लांब नाही. पण सरमिसळीचे धोके आहेत. मराठीत शह पुल्लिंगी आणि त्याचा अर्थ अडवणूक. हिंदीत शह स्त्रीलिंगी, आणि ‘शह देना’ म्हणजे फूस देणे, चिथावणे असाही अर्थ होतो. एकाच शब्दाने एकाला रोखायचे आणि दुसऱ्याला चढवायचे, हा गोंधळ मराठीत आणण्याचे कारण नाही.

माझ्या एका खेळाडू मित्राचे म्हणणे असे की ‘मात करणे’चा अर्थ आता केवळ ‘हरवणे’ एवढाच उरला आहे, तेव्हा पटावर मात झाली नसली तरी बातमी चुकीची ठरत नाही. क्रिकेटच्या बातमीपुरते मी हे मान्य करतो. बुद्धिबळात मात्र मात होणे आणि त्याआधीच हार मानणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि अनुभवी खेळाडूंचे बहुतेक डाव दुसऱ्या प्रकारानेच संपतात. त्यासाठी ‘डाव सोडला’ हा शब्दप्रयोग मला नेमका वाटतो. ‘शरणागती पत्करली’ यात युद्धाचा फार आव आहे, आणि आमच्याकडे काही जण म्हणतात तसे ‘डाव दिला’ म्हटले तर लपंडावात राज्य आलेले पोर आठवते.

धुळे, नंदुरबार, शहादा या बाजूच्या जुन्या खेळाडूंच्या तोंडी यासाठी दुसरा कोणता शब्द होता का, ते कोणी सांगितल्यास या चर्चेत भर पडेल.